वहिनींच्या सुया मी ओवते

माझ्या थोरल्या जावेला आमच्या शिवणघरात सगळे मास्तरीणबाई म्हणतात. त्या कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेल्या नाहीत. पण टाका केसभर इकडचा तिकडे झाला, तर चष्म्यावरून अशा बघतात की समोरच्याने न सांगता उसवायला घ्यावं. मी घरच्या नात्याने त्यांना वहिनी म्हणते. घरी त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. कामावर त्या खिडकीशी, मी त्यांच्या डाव्या हाताला. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. नवऱ्यापेक्षा जास्त वेळ मी वहिनींच्या सोबतीत काढलाय आणि नवऱ्यापेक्षा जास्त बोलणीही त्यांचीच खाल्लीत.

शिवणघर म्हणजे नाट्यगृहाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. मधोमध भलंमोठं टेबल, भिंतीला तीन मशिनं, कोपऱ्यात इस्त्रीवाले काका आणि त्यांची वाफ. राजा असो की हमाल, रंगमंचावर जाणारा प्रत्येक जण आमच्या हातचं अंगावर चढवूनच पुढे जातो. खोलीला खिडकी एकच, टेबलाच्या टोकाशी. तिच्या शेजारच्या खुर्चीवर उजेड सगळ्यांत चांगला येतो, म्हणून अवघड हातशिवण तिथे होते आणि खोलीतला सगळ्यांत चांगला हात तिथे बसतो. ती खुर्ची मिळायला वहिनींना अकरा वर्षं लागली. खुर्चीवरची उशी त्यांनी स्वतः शिवली आहे, आणि तिच्यावर दुसरं कुणी बसलं की त्यांना घरी बसून कळतं, असा आमचा समज आहे.

चार वाजले की चहा आणि भाजलेले दाणे, हा खोलीचा नियम होता. दाण्यांचं काम वहिनींकडे. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळायचे आणि एकच फुंकर मारायची. दाणे हातात आणि सालं थेट इस्त्रीवाल्या काकांच्या अंगावर. काका रोज कुरकुर करत आणि रोज चारच्या ठोक्याला नेमके तिथेच उभे असत. वहिनी दाणे खायच्याही शिवल्यासारख्या, एकेक करून, सारख्या अंतराने. मी बकाणा भरते.

अशा या बाईशी वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, एका साध्यासुध्या मंगळवारी, दाण्यांनी दगाफटका केला. आधी त्या म्हणाल्या की तळहात खाजतायत. मग ओठ सुजले. मी हसले. खोटं कशाला बोलू, मी हसले, कारण बोलणी खाताना ज्या तोंडाकडे बघायची माझी छाती होत नाही, ते तोंड एकदम रुसलेल्या बाळासारखं दिसायला लागलं होतं. मग त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि आवाजच फुटला नाही, तेव्हा मी फोनकडे धावले. रुग्णवाहिका दाराशी आली तरी वहिनी उठेनात. श्वास घ्यायची मारामार, आणि बाई हाताने खुणा करून सांगतायत की दोऱ्याला गाठ मारू द्या, नाहीतर सगळी शिवण उसवेल. गाठ मारली आणि मगच उठल्या.

दवाखान्यातली डॉक्टर आमच्या मुलींच्या वयाची होती. तपासण्या झाल्यावर तिने सांगितलं की ही शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधीसुधी नाही, अर्धा दाणासुद्धा जिवावर बेतू शकतो. वहिनींनी तिला उलट विचारलं की पन्नास वर्षं खाल्ले त्याचं काय. ती म्हणाली, कधीकधी शरीर असं मध्येच ठरवतं, आणि का ते दर वेळी सांगता येत नाही.

"म्हणजे मला न विचारताच ठरवलं," वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला असावा.

पेनासारखं एक इंजेक्शन कायम जवळ बाळगायला सांगितलं. त्रास झाला की मांडीत मारायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. वहिनींनी त्यासाठी राजाच्या झग्यातून उरलेल्या जांभळ्या मखमलीची पिशवी शिवली, आतून अस्तर, वरून सोनेरी नाडी, आणि गळ्यात मोजपट्टीशेजारी अडकवली. इतक्या थाटाचं औषध मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही. भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, दवाखान्यातून सरावाचं पेन मिळालं होतं, बिनसुईचं. त्या माणसाने सरावाचा नुसता धुमाकूळ घातला. गादीवर सराव, सोफ्यावर सराव. एकदा वहिनी झाडांना पाणी घालत असताना मागून येऊन त्यांच्या मांडीवर सराव केला, तेव्हा झारीतलं पाणी भाऊजींच्या डोक्यावर गेलं आणि सराव संपला.

दुकानात वहिनी सामान कमी आणि अक्षरं जास्त बघायला लागल्या. बारीक कामाचं भिंग पर्समधून काढायचं आणि बिस्किटाच्या पुड्याची पाठ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. लपवायचं काही नसेल तर इतकं बारीक कशाला लिहितात, असा त्यांचा सवाल. दुकानदार त्यांना लांबून बघूनच आतल्या खोलीत जायचा. पण तीन महिन्यांत कुठल्या पुड्यात काय असतं हे गल्लीतल्या बायका वहिनींना विचारायला लागल्या, आणि वहिनींनाही ते आवडायला लागलं. सगळ्या गल्लीला उसवायला लावायची सोय झाली होती.

शिवणघरातून दाणे हद्दपार झाले. शिवणघराच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी दारावर पाटी लावली. टेबल, मशिनं, कात्र्या सगळं धुऊन काढलं. चारच्या चहाला सफरचंदाच्या फोडी आल्या. काका म्हणाले, आता माझ्याकडे काही उडत येत नाही, चुकल्या-चुकल्यासारखं होतं. तीन महिने सगळं सुरळीत गेलं. तेव्हा मशिनवरचं काम चालू होतं, सैनिकांच्या विजारी, सरळ टिपा.

मग नव्या नाटकाचे कोट आले. चोवीस निळे कोट, प्रत्येकाला गळ्यापासून कमरेपर्यंत नक्षीची पट्टी, सगळी हाताने टाचायची. हातशिवण आली की आमच्याकडे एक जुनी रीत आहे. टेबलावरच्या बहुतेक जणींची नजर आता सुईच्या नेढ्याशी भांडते. माझी अजून शाबूत आहे. म्हणून सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा मी पन्नास-साठ सुया ओवते आणि प्रत्येकीच्या पुढ्यातल्या टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचून ठेवते. दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, ओलं करायचं, दातांनी चपटं करायचं आणि एका झटक्यात नेढ्यातून पार. मी हे गप्पा मारता मारता करते. सगळ्या शिवणाऱ्या बायका हे असंच करतात आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

कोट सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जेवणानंतर तासाभराच्या आत, वहिनींचे ओठ झिणझिणले आणि हनुवटीवर गांध्या उठल्या. गोळी घेऊन थांबलं. चार दिवसांनी पुन्हा. सगळ्या जणी डोळ्यांत तेल घालून कारण शोधायला लागल्या. खडू बदलला, डांबरगोळ्या फेकल्या, काकांनी इस्त्रीचं पाणीसुद्धा बदललं. निळ्या दोऱ्याचा रंग जात होता, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावर. वहिनी दोऱ्याचं रीळ पर्समध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाली की दोऱ्याचं काही नाही, कुठूनतरी दाणाच येतोय, शोधा.

तिसऱ्या वेळी घसाच आवळला. वहिनींनी मखमली पिशवीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांत जवळ होते काका, ज्यांना बोटाला सुई टोचली तरी खुर्चीवर बसवावं लागतं. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि कडक कॉलरवर इस्त्री दाबावी तसं पेन वहिनींच्या मांडीवर दाबलं. औषध बरोबर गेलं. दवाखान्यातून वहिनींना संध्याकाळी सोडलं. काकांना मात्र दुसऱ्या दिवशीही रजा लागली.

त्यानंतर मोठ्या बाईंनी वहिनींना आत बोलावलं. बाई वाईट नाहीत. त्यांनी सांगितलं की या खोलीत काय आहे ते सापडत नाही, आणि तुम्हाला काही झालं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. शुक्रवारपासून वहिनींनी वर जुन्या कपड्यांच्या कोठारात बसायचं, कपड्यांना नंबर लावायचे. सुईचं काम नाही, टेबल नाही. वहिनी हो म्हणाल्या आणि बाहेर येऊन अर्धी राहिलेली पट्टी पुढे टाचायला लागल्या.

त्या दिवशी आम्ही चालत घरी निघालो. वाटेत वहिनी म्हणाल्या, "मला मरायची भीती वाटते, नाही असं नाही. पण वर बसून नंबर लावायचे म्हणजे... तिथे खिडकी नाही गं."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून असा आवाज मी ऐकला नव्हता. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी लाजेने इतका वेळ मागे ठेवली आहे. मी दाणे सोडले नव्हते. दुपारी मी जेवायला घरी जाते, आणि परत येताना कोपऱ्यावर एक दाणेवाला बसतो. आठवड्यातून एक-दोनदा माझा पाय तिथे अडखळायचा. गरम पुडी घ्यायची, चालता चालता संपवायची, कागद रस्त्यावरच्या डब्यात टाकायचा. मी काही अगदीच बेफिकीर नव्हते. कपडे झटकायची. दाराशी गेल्यावर साबणाने दोनदा हात धुवायची, नखांत ब्रश घालून. दाण्याचा कणसुद्धा आत जाऊ द्यायचा नाही, अशी मी खूणगाठच बांधली होती. आणि एवढं सगळं करून मी टेबलाशी बसायची आणि पहिला दोरा तोंडात घालायची.

गुरुवारी, वहिनींच्या टेबलावरच्या शेवटच्या दिवशी, माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मन थाऱ्यावर नसलं की मी खाते. येताना पुडी घेतली, संपवली, दोनदा हात धुतले, सुया ओवल्या, सगळ्यांच्या गाद्यांत टोचल्या आणि तहान लागली म्हणून नळाशी गेले. नळावर आरसा आहे. पाणी पिताना सहज बघितलं, तर माझी जीभ निळी. दोऱ्याचा रंग. मला हसू आलं. वहिनींना दाखवावं, तेवढंच त्यांनाही हसू येईल, म्हणून मी जीभ बाहेर काढूनच खोलीत शिरले.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. उजेड तोंडावर होता. त्यांच्या खालच्या ओठावर मधोमध एक बारीक निळी रेघ होती, सकाळच्या सुयांची. कारण पट्टी दोन्ही हातांनी सरळ करायची असली की वहिनी सुई ओठांत धरतात, आणि गळ्यात कात्री असली तरी दोरा दातांनीच तोडतात. हे मी एकोणीस वर्षं बघत आले आहे. पण माझ्या जिभेवरचा निळा रंग त्यांच्या ओठावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तो रंग तिथे गेला, तर त्याच वाटेने आणखी काय काय गेलं असेल, हे कळायला मला एक क्षण लागला. तेवढ्यात त्यांनी गादीतली नवी सुई उपसली, पट्टी दोन्ही हातांनी धरायची म्हणून सुई ओठांकडे नेली.

मी टेबलावर झेपच घेतली. सुई हिसकावली, गादी हिसकावली, दोन रिळं खाली घरंगळली. वहिनी चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. काकांनी इस्त्री उभी केली. आवाज ऐकून मोठ्या बाई दारात आल्या.

"वहिनी, ते माझ्या तोंडातून जातंय," मी म्हटलं. "मी दाणे खाते. रस्त्यात. आजही खाल्ले. आणि मग त्याच तोंडाने तुमचे दोरे ओवते."

 मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. दर वेळी जेवणानंतरच का, कोट आल्यावरच का, हे एकेकीच्या लक्षात येत होतं आणि एकेक जण माझ्याकडे बघत होती. मी या बाईचा जीव तीनदा धोक्यात घातला होता, आणि तिची खुर्ची घालवायला निघाले होते, तेही दोनदा हात धुऊन.

वहिनींनी आधी रुमालाने ओठ पुसले. मग पाण्याने धुऊन आल्या. मग खुर्चीवर बसल्या.

"किती खाल्लेस?"

"पुडीभर."

"खारे की साधे?"

"खारे."

वहिनींनी डोळे मिटले. "गरम होते?"

"हो, वहिनी," मी म्हटलं आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. टेबलावरच्या कुणीतरी मला रुमाल दिला. तो कोटाच्या अस्तराचा तुकडा होता, पण चालून गेलं.

मी त्याच दिवशी दाणे सोडायची शपथ घ्यायला निघाले होते. वहिनींनी घेऊ दिली नाही. त्या म्हणाल्या, मी सोडलेत तेवढे पुरेत, घरात एकीला तरी चव माहीत असायला हवी. फक्त कामाच्या दिवशी नाही. तेव्हापासून मी शनिवारी, काम सुटल्यावर, नदीपलीकडे जाऊन खाते. घरी येऊन आंघोळ, दात घासणं, कपडे धुवायला टाकणं. आणि रविवारी सकाळी वहिनी जिन्यात उभ्या राहून विचारतात की कसे होते. मला सगळं सांगावं लागतं. भाजणी कमी की जास्त, साल सुटत होतं की नाही, मीठ किती. एकदा मी नुसतं बरे होते म्हटलं, तर त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी पाटीवर नवे नियम लिहिले. थुंकी बंद. टेबलावर पाण्याची वाटी राहील. तोंडात सुई नाही, टाचणी नाही, दोरा नाही. प्रत्येकीची गादी वेगळी, कात्री वेगळी. इतक्या वर्षांची सवय मोडताना सगळ्यांची फजिती झाली. दिवसभर बायका सुई तोंडाकडे न्यायच्या आणि अर्ध्या वाटेत थांबायच्या. वहिनी तर दोरा तोडायला तोंड उघडायच्या, पाटीकडे बघायच्या आणि पाटीनेच थुंकायला लावल्यासारखं तोंड करून कात्री शोधायच्या. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की होय, त्रास व्हायला दोऱ्याच्या टोकावरचं एवढंसुद्धा पुरतं. कोठारात जायचा हुकूम दोन आठवड्यांपुरता मागे ठेवला गेला.

ते दोन आठवडे मी मशिनवर बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच उठून गेले. सुया टेबलावरच्या चौघी आळीपाळीने ओवायच्या. वाटीत टोक बुडवायचं, नेढं शोधायचं, पुन्हा बुडवायचं. पन्नास सुयांना पाऊण तास. घरी जाताना वहिनी हातातली पिशवी खुर्चीची उशी असल्यासारखी सारखी थोपटत चालायच्या. रोज जेवणानंतर एक तास सगळी खोली त्यांच्या हनुवटीकडे बघत बसायची. हनुवटी रोज स्वच्छ. एकही गांधी नाही, ओठ जसेच्या तसे.

पंधराव्या दिवशी मोठ्या बाई आल्या आणि वहिनींना म्हणाल्या की खुर्ची तुमचीच, कोट वेळेत हवेत. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी टाळी वाजवली आणि लगेच इस्त्रीकडे वळले. वहिनींनी फक्त मान हलवली. मग त्या उठल्या, स्वतःची गादी, निळ्या दोऱ्याचं रीळ आणि पाण्याची वाटी उचलली, आणि खोली ओलांडून माझ्या मशिनपाशी येऊन तिन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या.

"ओव."

मी म्हटलं की वहिनी, नको, दुसरं कुणीही ओवू दे, माझ्याच हातून झालंय ते.

"म्हणूनच. बाकीच्यांनी तोंडात काय घातलंय ते मला कुठं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझं मला रविवारी जिन्यात सगळं कळतं. ओव."

माझ्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे नेढं दिसेना. मी बाहीने डोळे पुसले, वाटीत बोट बुडवलं, दोऱ्याचं टोक भिजवून चपटं केलं आणि पहिलीच सुई एका झटक्यात ओवली. वहिनी उभ्या राहून चष्म्यावरून बघत होत्या.

"दोरा लांब घेतलास," त्या म्हणाल्या, आणि खिडकीशी जाऊन बसल्या.